लिस्बनमध्ये हळू आवाजात

१७ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या मुलाने, पुष्करने, तिकिटं काढली. नऊ एप्रिलला पहाटे निघायचं, चौदाला परत. लिस्बनमध्ये चार रात्री, मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण अंबिका. रमाकांतने दोनदा विचारलं, "पॅरिस नाही, लंडन नाही, लिस्बन का?" मी म्हटलं, तिथे चढ-उतार आहेत, गुडघ्यांना व्यायाम होईल. त्याला ते पटलं. निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला गुडघ्यांबद्दल काहीही पटतं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. रमाकांत माझी डायरी वाचत नाही. एकदा उघडली होती आणि "अक्षर फार शिस्तीचं आहे, शाळेत गेल्यासारखं वाटतं" म्हणून मिटली होती.

१९७६ चा एप्रिल. आमची नववीची परीक्षा संपली होती. आमच्या नन्सच्या संस्थेला शंभर वर्षं झाली म्हणून लिस्बनला सोहळा होता. जगभरच्या शाळांमधून बारा मुली बोलावल्या होत्या, आमच्या शाळेतून एक. सिस्टर इमेल्डांनी अंबिकेला निवडलं. शाळेला सुट्टी लागलेली, अंबिका राहायची लालबागच्या चाळीत, तिथे फोन कुठला. सिस्टरनी पाकीट माझ्याकडे दिलं. तिच्या वडिलांची सही घ्यायची आणि सोमवारपर्यंत परत आणायचं. ते पाकीट पोचवायचं राहून गेलं. सोमवारी सिस्टरनी विचारल्यावर मी म्हटलं, तिचे वडील नाही म्हणतात. चौदाव्या वर्षी माणूस काहीही बोलून जातो. शेवटी माया नावाची मुलगी जाऊन आली आणि वर्षभर तिथल्या ट्रॅमविषयी बोलत राहिली.

अंबिकेला यातलं काही माहीत नाही. माहीत झालं तर तिला वाईट वाटेल, म्हणून मी एकोणपन्नास वर्षं सांगितलं नाही. पण आता तिला लिस्बन दाखवलं की माझ्या मनातलं एक जुनं काम होईल.

२३ फेब्रुवारी, रविवार

लालबागला जाऊन आले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. अंबिका सतराव्या मजल्यावर आईबरोबर राहते, शेजारच्या फ्लॅटमध्ये तिची भावजय सीमा. अंबिकेचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. ती पोस्टातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाली. एवढ्या हुशार मुलीने पोस्टात जावं याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

ती मेथी निवडत होती.

"लिस्बन?" मान वर न करता म्हणाली. "लिस्बनच कसं सुचलं गो सुमे?"

"एप्रिलात हवा छान असते म्हणे."

"हो काय." दोन जुड्या निवडून झाल्या. "बरं. लिस्बन तर लिस्बन."

मला वाटलं होतं बरंच मनवावं लागेल. पासपोर्ट तर तिने काढूनही ठेवला होता, आठ वर्षांपूर्वी. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, "असावा."

तिच्या आईला, सुंदराबाईंना, विचारायचं होतं. त्या एकोणनव्वदच्या. आयुष्यभर मिलच्या माणसांची खानावळ चालवलेली बाई, अजून ताठ बसतात. अंबिकेने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा गो. तेव्हा हिच्या बापाशीन सोडूक नाय. आता तरी जाऊंदेत."

परदेशाचा विषय निघाला की त्या हे वाक्य म्हणतात. त्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर सिस्टरनीच त्यांना सांगितलं होतं की तुमच्या मालकांनी नकार दिला. मी नेहमीप्रमाणे खिडकीतून बाहेर बघितलं. सतराव्या मजल्यावरून पार शिवडीपर्यंत दिसतं. चहा उत्तम होता.

१२ मार्च, बुधवार

व्हिसाच्या ऑफिसात तीन तास. कागदांची फाइल मी धरते म्हटलं तर अंबिकेने काढून घेतली. "माझ्याकडे राहू दे. कागद पोचवणं तुझं काम नाही."

पोस्टातल्या माणसांची सवय. मी वाद घातला नाही. नंतर हिंदमाताला जाऊन दोघींनी सुती पॅन्ट शिवायला कापड घेतलं. लग्नाच्या शालूंच्या दुकानात दोन म्हाताऱ्यांना पॅन्टचं कापड मागताना बघून दुकानदार म्हणाला, "ताई, कुणाचं लग्न?" अंबिका म्हणाली, "हिचं एक जुनं राहिलंय." काय तरी बोलते.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उतरवली. आता दहा दिवस राहिले.

नुसतं लिस्बन दाखवून भागेल का, असं चार दिवस मनात येतं आहे. सांगायलाही हवं. अंबिकेला नाही, तिला कशाला दुखवायचं. कुणाला तरी.

शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला रांग लावायच्या. आम्हा हिंदू मुलींना तेव्हा नीतिशिक्षणाचा तास असे. त्या मुली पाच मिनिटांत पाप सांगून यायच्या आणि डबा खायला बसायच्या, अगदी मोकळ्या. मला त्यांचा भारी हेवा वाटायचा. आमच्या वर्गातली डॉरिस कामत सरावासाठी ते सगळं मोठ्याने म्हणायची, म्हणून मलाही पाठ झालं. सुरुवातीचं वाक्य, शेवटचं वाक्य, गुडघे कसे टेकायचे. आमच्याकडे अशी सोय नाही. देवाला सांगायचं तर तो काही विचारत नाही, आणि न विचारता सांगण्यात मजा नाही.

दादरला पोर्तुगीज चर्च आहे, दहा मिनिटांवर. पण तिथली निम्मी माणसं मला नावाने ओळखतात. लिस्बनमध्ये मला कोण ओळखतं? तिथे इंग्रजीतून कन्फेशन घेतात, हे मी पुष्करच्या नकळत शोधून ठेवलं आहे. हळू आवाजात सांगायचं की ते पाकीट मी पोचवलं नाही, आणि बाहेर यायचं.

१० एप्रिल, गुरुवार. लिस्बन

काल रात्री पोचलो. आज दिवसभर चढण. गुडघ्यांविषयी मी रमाकांतला खोटं बोलले नव्हते.

मला वाटलं होतं इथे माझं इंग्रजी कामाला येईल आणि अंबिकेला मी सांभाळेन. सिस्टर इमेल्डांनी घटवून घेतलेले माझे उच्चार इथे कुणालाच कळत नाहीत. वेटरने तीनदा "सॉरी?" म्हटलं. अंबिका मात्र मासळीच्या दुकानात शिरली आणि सरळ मराठीत बोलू लागली. खारवलेला मोठा सुका मासा टांगला होता. तिने त्याचा वास घेतला, शेपटीकडे दाबून बघितला आणि त्या पोर्तुगीज बाईला म्हणाली, "नीट सुकूक नाय गो ह्यो." ती बाई आतून दुसरा घेऊन आली. दोघी दहा मिनिटं बोलत होत्या. काय ते त्यांनाच ठाऊक. बाहेर आल्यावर अंबिका म्हणाली, "वरळी कोळीवाड्यात आल्यासारखं वाटलं. फक्त बायका जरा कमी भांडतात."

संध्याकाळी ट्रॅममध्ये ती खिडकीशी बसली. मी विचारलं, "आवडलं?" म्हणाली, "माया सांगायची तसंच आहे." मला माया आठवतही नव्हती, असं मी म्हटलं.

हॉटेलजवळच्या चर्चच्या दारावर पाटी आहे. इंग्रजी कन्फेशन, शुक्रवारी चार वाजता. ईस्टर जवळ आल्यामुळे रांग असते म्हणे.

११ एप्रिल, शुक्रवार

झालं. पण जसं ठरवलं होतं तसं नाही.

दुपारी मी अंबिकेला म्हटलं, "त्या चर्चमधल्या टाइल्स बघून येते. तू थकली असशील, खोलीवर पड."

"मी कशाला पडू? येते की. बाहेर बाकावर बसते," ती म्हणाली. चर्चपाशी आल्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली. "जा तू. घाई करू नको. नीट बघ सगळं."

आत लाकडी कोठडी, मध्ये जाळी. गुडघे टेकताना दोन्हींचा आवाज झाला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मग कन्फेशनला किती दिवसांनी आलात ते सांगायचं असतं. मी इंग्रजीत म्हटलं, कधीच आले नव्हते, मी हिंदू आहे, पण आमची शाळा कॉन्व्हेंट होती.

जाळीतून आवाज आला, तरुण, अगदी घरगुती. "मावशी, मराठी चालेल का?"

"तुम्ही मुंबईच्या ना? आमच्या हेडमिस्ट्रेस असंच इंग्लिश बोलायच्या."

"तुम्ही कुठले?"

"वसईचा. इथे शिकायला आहे."

आठ हजार किलोमीटर. मी विचारलं, "तुमचं दादरला कुणी असतं का?"

"मामी असते. कबुतरखान्याजवळ."

म्हणजे माझ्या घरापासून पाच मिनिटं. मी उठायला लागले, पण गुडघे ऐकेनात.

"मामीला नाही सांगणार, मावशी. आमच्यात ते चालत नाही," फादर म्हणाले. "पापक्षमा मला देता येणार नाही, तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही. ऐकून घेता येईल. फक्त मागे सहा जण आहेत, तेवढं ध्यानात ठेवा."

मी सांगितलं. पाकीट, लालबाग, सोमवार. पोचवायचं राहून गेलं म्हटलं.

"राहून गेलं, की ठेवून दिलंत?"

इंग्रजीत असतं तर मी काहीतरी वळसा घेतला असता. मराठीत विचारल्यावर पंचाईत झाली.

"ठेवलं."

"मग ते गेलं कुठे?"

"बंबात घातलं. सकाळी पाणी तापवायला पेटवला होता."

"का?"

"यादीत दुसरं नाव माझं होतं."

हे मी इथेसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. सिस्टरनी लगेच मला विचारलं होतं, आणि माझ्या बाबांनी खरोखरच नाही म्हटलं. मंत्रालयातला हेडक्लार्क मुलीला एकटी पोर्तुगालला पाठवत नाही म्हणाले. म्हणजे मी ते उगीचच जाळलं.

फादरनी विचारलं, "त्या बाई हयात आहेत?"

"बाहेर बाकावर बसली आहे."

जाळीपलीकडे ते बहुधा हसले. "मावशी, तिला इतक्या लांब घेऊन आलात, ती दारात बसली आहे, आणि सांगताय मला. मी कोण लागतो तिचा?"

मी म्हटलं, तिला वाईट वाटेल. ते म्हणाले, पुढच्या माणसाला पाठवा.

बाहेर आले. पाप सांगून झाल्यावर त्या मुलींना लागायची तशी मलाही भूक लागली होती. अंबिकेने बाकावर शेजारी कागदात कस्टर्ड भरलेल्या दोन छोट्या पेस्ट्री ठेवल्या होत्या, एकेकीला एक.

"झालं?"

"काय?"

"टाइल्स बघून."

"हो. आत वसईचे फादर भेटले, गंमत बघ."

"वसईचे? आणि काय बोललात पंचवीस मिनिटं?"

"वसईच्या केळ्यांविषयी," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि खाऊन झाल्यावर कागदाची नीट चौकोनी घडी घातली.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी अंबिका म्हणाली, "आज माझा कार्यक्रम. तू नुसती मागून चल."

नकाशा न बघता ती मला एका टेकडीवर घेऊन गेली. पिवळी, दुमजली इमारत, दारावर दगडी क्रॉस. आता तिथे हॉटेल आहे. एक मुलगी सुटकेस ओढत बाहेर पडली.

"इथे उतरणार होत्या मुली," अंबिका म्हणाली. "बारा जणी. जिन्याखाली जेवणघर, मागे संत्र्यांची झाडं. सिस्टरनी सगळं सांगितलं होतं मला, पत्र निघायच्या आधीच. मी कुणाला बोलले नव्हते. म्हटलं, पत्र येऊ दे."

मग मी बोलले. हे मला लिहून ठेवायचं आहे, की मी स्वतःहून बोलले. म्हटलं, "अंबे, ते पत्र मी दिलं नाही. मी ते बंबात घातलं."

"दिलं नाहीस ते माहीत आहे," ती म्हणाली. "बंबाचं नवीन आहे."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. दहावीच्या निरोप समारंभापासून. सिस्टरनी तिला सहज म्हटलं होतं की सुमेधाबरोबर पाकीट पाठवलं होतं, तुझ्या वडिलांनी ऐकायला हवं होतं. आणि वडील तर घरी शपथेवर सांगत होते की माझ्याकडे कागद आलाच नाही.

"मला बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"मी कशाला बोलू? सांगायचं तुला होतं." ती त्या दाराकडे बघत होती. "बाबा गेले तेव्हा तू आलीस, केवढी रडलीस. वाटलं, आज सांगशील. मग माझ्या लग्नात. मग तिकडे मी मेथी निवडत असताना लिस्बन म्हणालीस, तेव्हा म्हटलं, चला, आलं वाटतं जवळ."

तिचा आवाज अगदी शांत होता. मला इतकं हलकं वाटलं की मी तिचा हात धरला. म्हटलं, "काल फादरनाही मी हेच सांगितलं. सगळं. तेही म्हणाले, तिला सांगा."

तिने हात काढून घेतला.

"त्याला आधी सांगितलंस?"

"अगं, ते कुणाला सांगणार नाहीत."

"अठ्ठेचाळीस वर्षं मी वाट बघितली गो. आणि तू त्या वसईच्या पोराला आधी सांगितलंस. मला बाहेर पर्स सांभाळायला बसवून."

त्यानंतर ती बोलली नाही. जेवताना मीठसुद्धा हात लांब करून स्वतः घेतलं. मला हे कळत नाही. पत्राचं एवढं मोठं, त्यावर राग नाही. आणि एका अनोळखी माणसाशी पंचवीस मिनिटं बोलले, त्यावर एवढा राग.

१३ एप्रिल, रविवार. विमानतळ

ईस्टरच्या आधीचा रविवार, म्हणून चर्चच्या बाहेर लोक हातात ऑलिव्हच्या फांद्या घेऊन उभे होते. अंबिका टॅक्सीत पुढे बसली. विमानतळावर रांगेत असताना कालपासूनचं पहिलं वाक्य बोलली.

"माझं जाऊ दे. मी एक शहर उशिरा बघितलं, एवढंच. आईला सांग."

"त्यांना या वयात कशाला त्रास?"

"पत्र आलं नाही म्हणून बाबा सांगत राहिले आणि आईने त्यांना खोटं ठरवलं. मी सांगू शकले असते. पण मग तू आमच्या घरी पुन्हा आली नसतीस. मी तुला निवडलं, बाबांना नाही. ते माझं मी बघेन. तुझं तू आईला सांग."

मग तिने माझा बोर्डिंग पास तपासला आणि स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला.

१६ एप्रिल, बुधवार

लालबागला जायचं राहून गेलं. रमाकांत म्हणतो, प्रवासाचा शीण आहे.

एका एकोणनव्वद वर्षांच्या बाईला असं काही सांगावं का? डॉक्टरांना विचारायला हवं. मी विचारलं नाही.

२० एप्रिल, रविवार

गेले. नाही गेले तर अंबिका आयुष्यात फोन करणार नाही हे मला कळलं होतं, आणि या वयात तिच्यासारखी दुसरी मिळत नाही. ती दार उघडून बाजूला झाली. सीमा स्वयंपाकघरात होती. सुंदराबाई जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत. मागच्या भिंतीवर त्यांच्या मालकांचा फोटो.

मी खुर्ची जवळ ओढली आणि लिस्बनला बोलले होते त्याच आवाजात सुरुवात केली.

"काय म्हणता ही?" त्यांनी अंबिकेला विचारलं.

"मोठ्याने बोल," अंबिका म्हणाली. "तिचं कानाचं मशीन दुरुस्तीला दिलंय."

मी आवाज चढवला. त्यांनी हात कानामागे धरला. "कसला पाकीट?"

"शाळेचं. लिस्बनला जायचं. अंबिकेच्या बाबांच्या सहीसाठी."

"ते नाय म्हणाले."

"ते नाही म्हणाले नाहीत."

"आं?"

उकाडा म्हणून फ्लॅटचं दार उघडं होतं. समोरच्या दारात एक बाई लसूण सोलत बसली होती, तिने सुरी खाली ठेवली. लिफ्टपाशी दोघं जण थांबले. मी सगळी ताकद लावून ओरडले, "त्यांना पत्र मिळालंच नाही. मी दिलं नाही. मी ते जाळलं. मला जायचं होतं म्हणून."

सतराव्या मजल्यावर आवाज फार घुमतो. लिफ्ट आली आणि कुणीही न चढता खाली गेली.

सुंदराबाईंना ऐकू आलं होतं. त्यांनी टेबलावरच्या प्लॅस्टिकची सुरकुती सरळ केली. मग म्हणाल्या, "म्हणजे ते खरा सांगीत होते."

"त्या दिसापासून मी माझ्या हातान त्यांका वाढलंय नाय," त्या म्हणाल्या. "शंभर माणसां जेवक घाली मी. त्यांचा ताट पोरांच्या हातान धाडी. ते मरेपर्यंत."

मी त्यांच्या पाया पडले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि खरं सांगायचं तर खूप मोकळंही वाटत होतं. त्या काही रागावल्या नाहीत. मला तर वाटलं होतं, हाकलून देतील. उलट मी निघाले तर म्हणाल्या, "जेवन जा."

दुपारचा एक वाजला होता. सीमाने भात आणि तिसऱ्यांची आमटी टेबलावर आणून ठेवली. सुंदराबाईंनी खुर्चीतून पुढे वाकून स्वतः सीमाच्या ताटात भात घातला, मग आमटी. अंबिकेच्या ताटात घातली, वर दोन शिंपल्या जास्त. मग पळी खाली ठेवून म्हणाल्या, "अंबे, हिका ताट दी."

अंबिकेने माझं ताट आतून भरून आणलं. समोर ठेवलं. आमटी फार छान झाली होती. सोलकढी मी दोनदा मागून घेतली, दोन्ही वेळा अंबिकाच उठली.

घरी आल्यावर रमाकांतने विचारलं, "काय म्हणाल्या म्हातारबाई?"

मी म्हटलं, "जेवल्याशिवाय सोडलं नाही."